ठिपके आणि फेऱ्या : एका नव्या विमान कंपनीच्या घोषणा वाचताना

आजचा विषय कळल्यावर दोन-तीन श्रोत्यांनी आम्हाला आधीच विचारलं, की समीक्षेच्या व्याख्यानात विमान कंपनी कुठून आली? शंका रास्त आहे. आमचं म्हणणं एवढंच, की विमान कंपनीची घोषणा हाही एक मजकूर असतो. कुणीतरी तो लिहितं, कुणासाठी लिहायचा ते ठरलेलं असतं, आणि काय लिहायचं नाही तेही ठरलेलं असतं. आपण मात्र तो बातमी म्हणून वाचतो. ‘आता अमुक शहरातून थेट विमान’ असा मथळा येतो, खाली कंपनीचं पत्रक जवळजवळ जसंच्या तसं छापलेलं असतं, आणि चहा संपेपर्यंत आपलं वाचून झालेलं असतं. आज हे पत्रक जरा सावकाश वाचू या.

उदाहरण घेतलंय आकासा एअरचं. गेल्या काही वर्षांत अगदी शून्यातून सुरू झालेली, मोठ्या विमानांची ही एकच ठळक कंपनी. मुंबईची आहे, म्हणून आपल्या नजरेसमोरही आहे. विनय दुबे, आदित्य घोष असे या धंद्यात मुरलेले लोक आणि राकेश झुनझुनवाला यांचं भांडवल, अशी सुरुवात. पहिलं उड्डाण 7 ऑगस्ट 2022 रोजी, मुंबई ते अहमदाबाद. त्यानंतर आठवड्याभरातच, 14 ऑगस्टला झुनझुनवाला गेले. कंपनी मात्र थांबली नाही, हे आधी नोंदवून ठेवू.

आता पहिली घोषणा. नोव्हेंबर 2021, दुबईचं विमान प्रदर्शन. अजून एकही तिकीट विकलेलं नाही, आणि कंपनी बोइंगला 72 विमानांची ऑर्डर देते. सगळी 737 मॅक्स. ही ऑर्डर आम्हाला आजही चांगली वाटते, आणि त्याचं कारण सांगायला हवं. मॅक्स जातीची दोन विमानं ऑक्टोबर 2018 आणि मार्च 2019 मध्ये कोसळली होती. जगभर ही विमानं जमिनीवर उभी होती. भारताने बंदी उठवली ऑगस्ट 2021 मध्ये. म्हणजे बोइंगला गिऱ्हाइकाची गरज होती, तेव्हा हे गिऱ्हाईक दारात गेलं. नव्या कंपनीला घासाघीस करता येईल असा क्षण क्वचितच येतो. शिवाय एकाच जातीची विमानं म्हणजे वैमानिकांचं एकच प्रशिक्षण, सुट्या भागांचं एकच गोदाम, मेकॅनिकही तेच. त्या वेळी कंपनीने दिलेला हिशेबही साधा होता : मार्च 2023 पर्यंत 18 विमानं, मग दर वर्षी 12 ते 14, आणि पाच वर्षांत 72.

पहिलं वर्ष तर त्यांनी जवळपास ठरल्याबरहुकूम पाळलं. ऑगस्ट 2023 च्या पहिल्याच दिवशी विसावं विमान आलं. वीस या आकड्याला आपल्याकडे वेगळी किंमत आहे. 2016 च्या नागरी विमान वाहतूक धोरणानुसार, 20 विमानं किंवा एकूण क्षमतेच्या 20 टक्के, यांतलं जे जास्त असेल तेवढं देशात उडवलं की परदेशी जाता येतं. आधी तर पाच वर्षं देशातच उडायची अटही होती. वर्षभरात वीस गाठणं ही मोठी गोष्ट होती, त्याबद्दल कंपनीचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं.

आता दुसरी घोषणा घ्या. जानेवारी 2024, हैदराबादचं प्रदर्शन. आणखी 150 विमानं. मधल्या काळातली चार धरून एकूण ऑर्डर 226, आणि ती 2032 पर्यंत मिळायची. मथळे तुम्हाला आठवत असतील. तो दिवस होता 18 जानेवारी. त्याच्या तेराच दिवस आधी, 5 जानेवारीला, अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या 737 मॅक्स 9 विमानाच्या भिंतीतला दरवाजाएवढा तुकडा हवेतच निखळून पडला होता. अमेरिकी नियामकाने बोइंगवर निर्बंध घातले, मॅक्सचं उत्पादन महिन्याला 38 च्या वर न्यायचं नाही असं सांगितलं. प्रत्यक्षात कारखान्यातून त्याहून कमीच विमानं निघत होती. त्या वर्षाच्या सप्टेंबरात बोइंगच्या कामगारांनी संप केला, तो सात आठवड्यांहून जास्त चालला. शिवाय या 150 मध्ये मॅक्स 10 ही जातही होती, आणि ऑर्डर दिली तेव्हा तिला अमेरिकेतच उड्डाणाचं प्रमाणपत्र मिळालेलं नव्हतं.

बोइंगची अडचण काही आकासाने ओढवून आणलेली नाही, हे मान्य. मग समीक्षा कशाची? कागद-पेन्सिल घ्या. पहिल्या हिशेबाप्रमाणे 2025 संपताना ताफा पन्नाशीच्या आसपास असायला हवा होता. तो आहे तिशीच्या आसपास. म्हणजे विसाव्या विमानानंतरच्या साधारण अडीच वर्षांत दहाएक विमानं आली. आता 2032 पर्यंत 226 व्हायची तर उरली साधारण 196, आणि वर्षं सात. वर्षाला 28. मूळच्या निवांत वेळापत्रकाच्या दुप्पट, आणि प्रत्यक्षात झालंय त्याच्या पाचपटीहून जास्त. हा भागाकार पाचवीतल्या मुलाला येतो. पण बातमी देताना तो कुणी केला? सगळीकडे 226 हाच आकडा. आपल्याकडे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी असं म्हणतात, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच, की या तुरी सिएटलजवळच्या कारखान्यात आहेत.

इथे कुणी म्हणेल, मोठी ऑर्डर दिली नाही तर रांगेत जागा मिळत नाही. अगदी खरं. इंडिगोने 2005 मध्ये, एकही विमान हाताशी नसताना, एअरबसला 100 विमानांची ऑर्डर दिली तेव्हा लोक हसले होते. ती शंभरही विमानं आली, 2014 पर्यंत आली, आणि तीच कंपनी आज देशातली सगळ्यात मोठी आहे. पण त्याच 2005 सालची दुसरी ऑर्डर आठवा. किंगफिशर मे महिन्यात उडायला लागली आणि पुढच्याच महिन्यात तिने दुमजली ए-380 जातीची पाच विमानं मागवली. त्यातलं एकही कधी आलं नाही. 2012 मध्ये कंपनी बंद पडली, आणि पगार थकलेले कर्मचारी रस्त्यावर आले. मथळे दोन्ही ऑर्डरींचे सारख्याच आकाराचे होते. म्हणून आम्ही म्हणतो, ऑर्डरीच्या आकड्यावरून कंपनीबद्दल जवळजवळ काही कळत नाही. ऑर्डर म्हणजे साखरपुडा. नांदायचं पुढे असतं.

पैशाचं अंगही थोडक्यात सांगून टाकतो, कारण पत्रकात ते कधीच नसतं. पुष्कळ कंपन्या घाऊक सवलतीत विमान घेतात, ते ताब्यात येताच भाडेपट्टा कंपनीला विकतात आणि तिच्याकडूनच भाड्याने घेतात. हातात लगेच रोकड येते, पुढे दर महिन्याला भाडं द्यायचं. भाडं डॉलरमध्ये, तिकीट रुपयात. नवी विमानं येत राहिली तर ही गाडी सुरळीत चालते. यायची थांबली की रोकडही थांबते, भाडं मात्र थांबत नाही. विमान उभं राहिलं तर काय होतं ते गो फर्स्टने दाखवलं : इंजिनांअभावी ताफ्यातली निम्मी विमानं जमिनीवर, आणि मे 2023 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या अर्जासह न्यायाधिकरणात.

आता मार्गांकडे येऊ, आणि इथे जरा थांबायचंय.

मार्गविस्ताराची घोषणा नेहमी नकाशासह येते. नकाशावर ठिपके, ठिपक्यांना जोडणाऱ्या डौलदार कमानी. कोची, अगरताळा, गुवाहाटी, विशाखापट्टणम, वाराणसी, बागडोगरा, श्रीनगर, अयोध्या, दरभंगा. कंपनी सुरुवातीपासून सांगत आलीय, की महानगरांना दुसऱ्या-तिसऱ्या स्तरातल्या शहरांशी जोडणार. ऐकायला छान वाटतं. पण ज्याने एसटीने आयुष्यभर प्रवास केलाय त्याला विचारा, तो नकाशा बघतच नाही. तो विचारतो, गाडी किती वाजता, परतीची किती वाजता, आणि मुक्कामी गाडी आहे का? मुक्कामी गाडी म्हणजे रात्री गावात थांबणारी. ती असली तर पहाटे तालुक्याला निघता येतं, कोर्टाचं, दवाखान्याचं काम उरकून संध्याकाळी परत येता येतं. दुपारी दोनला येऊन अडीचला निघून जाणारी गाडी वेळापत्रकात असते, गावाच्या उपयोगाची नसते.

विमानाचं अगदी तसंच आहे. विमान रात्री ज्या शहरात मुक्कामाला असतं, तिथून सकाळची पहिली फेरी सुटते. बाकीच्या शहरांना मिळतात उरलेल्या वेळा. आता हिशेब करा. आपल्याकडे अशा जातीचं एक विमान दिवसाला साधारण पाच-सहा उड्डाणं करतं. तीस विमानं, त्यातली एक-दोन दुरुस्तीत धरा. दिवसाला दीडशेच्या आसपास उड्डाणं झाली. ती तीसेक विमानतळांवर वाटायची. मुंबई, बंगळूर, दिल्ली यांनी आपला मोठा वाटा उचलला, की पुष्कळ ठिपक्यांच्या वाट्याला दिवसाला एक-दोन येणं-जाणं उरतं. आणि या धंद्यातला एक जुना नियम आहे : एखाद्या मार्गावर ज्याच्या फेऱ्या जास्त, त्याला फेऱ्यांच्या प्रमाणाहूनही जास्त प्रवासी मिळतात. कारण सरळ आहे. कामाला जाणारा माणूस परतीची वेळ बदलता येईल अशीच कंपनी निवडतो. चार फेऱ्यांवाल्यासमोर एक फेरीवाला उभा राहिला, तर त्याला तिकीट स्वस्तच करावं लागतं.

म्हणून नव्या कंपनीने ठिपके पसरण्याऐवजी मोजक्या मार्गांवर फेऱ्या घट्ट कराव्यात, असं आमचं मत आहे. आकासाने सुरुवातीला मुंबई, अहमदाबाद, बंगळूर, कोची या मोजक्या शहरांत तेच केलं होतं. पुढे ठिपके भराभर वाढले, विमानं त्या वेगाने वाढली नाहीत.

सगळे ठिपके हौसेचे नसतात, हेही सांगितलं पाहिजे. 1994 पासून आपल्याकडे मार्गवाटपाचे नियम आहेत. दिल्ली-मुंबईसारख्या कमाईच्या मार्गांवर जितकी क्षमता वापराल, तिच्या किमान 10 टक्के ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान अशा मार्गांवर वापरावीच लागते. तेव्हा कुठलीही नवी कंपनी अगरताळ्याला किंवा श्रीनगरला गेल्याची बातमी वाचताना हा नियम आठवावा. नियम चांगला आहे, तो नसता तर त्या भागांत कितीजण गेले असते कोण जाणे. पण पत्रकात नियमाचा उल्लेख नसतो, ‘ईशान्येशी आमची बांधिलकी’ असते.

ठिपका पुसला कसा जातो, ते महाराष्ट्राने जवळून पाहिलंय. 27 एप्रिल 2017 रोजी ‘उडान’ योजनेतली पहिली उड्डाणं झाली, त्यात नांदेड-हैदराबाद होतं. ट्रूजेटची फेरी होती ती. ट्रूजेट बंद पडली, नांदेडची फेरी गेली, पुढे स्टार एअर आली तेव्हा ठिपका पुन्हा उमटला. सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झाला, अलायन्स एअरची मुंबईची फेरी सुरू झाली, आणि अनुदानाची तीन वर्षं सरल्यावर ती थांबली. दोन्ही वेळा उद्घाटनाची बातमी पहिल्या पानावर होती. बंद झाल्याची बातमी शोधावी लागते. आकासाची विमानं या गावांसाठी फार मोठी आहेत, पावणेदोनशे-एकशे नव्वद आसनांची. सत्तर आसनांचं एटीआर तिथे जास्त शोभतं. पण धडा सारखाच आहे. एका फेरीवर उभा असलेला ठिपका ती फेरी गेली की जातो, आणि त्या फेरीच्या भरवशावर कुणी हॉटेल बांधलेलं असतं, कुणी आईची केमोथेरपी हैदराबादला ठरवलेली असते.

परदेशाच्या बाबतीत मात्र आम्हाला कंपनीची चाल जास्त शहाणपणाची वाटते. 28 मार्च 2024 रोजी मुंबई-दोहा सुरू झालं. मग अबू धाबी, जेद्दा, रियाध, कुवेत. यात दुबई का नाही, असा प्रश्न पडेल. दुबईच्या जागांचा द्विपक्षीय कोटा भारतीय कंपन्यांनी जवळपास संपवलेला होता. दोन देशांत करार असतो, आठवड्याला किती आसनं ते ठरलेलं असतं, नव्या भिडूला उरलेलं मिळतं. पण आखाती फेऱ्यांचा एक फायदा आहे. देशात मध्यरात्री दोनला कुणाला उडायचं नसतं, आखातात जाणारा कामगार उडतो. जे विमान रात्रभर नुसतं उभं राहिलं असतं, ते कमावून सकाळी परत येतं. विमानं कमी असताना आहेत त्यांच्याकडून जास्त काम करून घेणं, यालाच आम्ही योजना म्हणतो.

आता माणसांकडे. पत्रकांत विमानं मोजलेली असतात, शहरं मोजलेली असतात, आणि वैमानिक ‘भरती करणार’ एवढ्या एका वाक्यात येतात. 2023 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात काय झालं? कंपनीने न्यायालयात सांगितलं, की 43 वैमानिक नोटिशीचा काळ न पाळता सोडून गेले. नियमाप्रमाणे कॅप्टनला वर्षभराची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस. तो नियम वैमानिकांना जाचक वाटतो, आणि त्यांचं म्हणणं आम्हाला सगळं चुकीचं वाटत नाही. पण परिणाम असा झाला, की विमानं होती, चालवायला माणसं नव्हती, फेऱ्या रद्द झाल्या. मग कंपनीने भरती वाढवली. पुढच्याच वर्षी नेमकं उलट. बोइंगकडून विमानं आली नाहीत, आणि भरती केलेले वैमानिक घरी बसून असल्याच्या बातम्या आल्या.

हे नीट समजून घ्या. वैमानिकाच्या पगाराचा मोठा भाग उडलेल्या तासांवर असतो. नव्या मुलाने प्रशिक्षणासाठी लाखो रुपयांचं कर्ज काढलेलं असतं. त्याचे हप्ते सुरू, तास नाहीत. अनुभवही तासांतच मोजतात, म्हणजे कॅप्टन होणंही पुढे गेलं. 226 हा आकडा गुंतवणूकदारासाठी शुभवर्तमान होता. तोच आकडा वाचून एखाद्या सांगलीच्या मुलाने हातातली दुसरी नोकरी सोडली असेल, तर त्याच्यासाठी तो काय ठरला? विमान कारखान्याच्या गतीने येतं, वैमानिक सिम्युलेटरच्या तारखांनुसार तयार होतो, विमानतळावरचा स्लॉट मोसमाच्या वेळापत्रकाने मिळतो. ही तीन घड्याळं एकत्र चालवणं म्हणजेच विमान कंपनी चालवणं. घोषणेत आपल्याला यातलं एकच घड्याळ दाखवतात, तेही पुढे केलेलं.

मघापासून एक चिठ्ठी इथे येऊन पडलीय : ‘तुम्हाला ही कंपनी बुडावी असं वाटतं का?’

उलट आहे. डिसेंबर 2025 चा पहिला आठवडा आठवा. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, इंडिगोची तयारी अपुरी पडली, हजारो उड्डाणं रद्द झाली. लग्नाला निघालेले, परीक्षेला निघालेले, सगळे विमानतळांच्या फरशीवर. देशांतर्गत दर शंभर प्रवाशांतले साठाहून जास्त एकाच कंपनीने उडत असतील, तर त्या कंपनीचा पाय मुरगळला की देश लंगडतो. आकासाचा वाटा आहे पाच टक्क्यांच्या आसपास. तो पंधरा व्हावा असं आम्हाला मनापासून वाटतं. जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 रोजी थांबली, तेव्हा मुंबईतल्या किती घरांत एका रात्रीत पगार बंद झाला ते आपण बघितलंय, आणि ते पुन्हा बघायचं नाही. म्हणूनच कंपनीच्या पत्रकावर टाळ्या वाजवणाऱ्यापेक्षा भागाकार करणारा वाचक तिच्या जास्त कामाचा आहे. भांडवल देणारे तो करतातच. प्रवासी आणि नोकरीसाठी अर्ज करणारी मुलं करत नाहीत, कारण त्यांना तो कुणी दाखवत नाही.

आणखी एक चिठ्ठी आहे, नवी मुंबईबद्दल. तो विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झाला, आणि आकासा पहिल्या दिवसापासून तिथे आहे. मुंबईच्या जुन्या विमानतळावर सकाळचा स्लॉट मिळणं म्हणजे दादरला रविवारी गाडी लावायला जागा मिळणं. त्या दृष्टीने नवी मुंबई ही नव्या कंपनीसाठी खरी संधी आहे, कदाचित 226 च्या ऑर्डरीपेक्षाही मोठी. इथे रात्री विमानं मुक्कामाला ठेवता येतील, सकाळच्या फेऱ्या सोडता येतील. पण विमानं तिशीच्याच आसपास असतील, तर नवी मुंबईत दिसणारी प्रत्येक नवी फेरी दुसरीकडून काढलेली असणार. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागू होतं. ते आलं, की नवी मुंबईच्या रकान्यात काय वाढलं ते तर बघाच, पण पुणे, वाराणसी, बागडोगरा यांच्या रकान्यांत काय कमी झालं तेही शेजारी मांडून बघा. आम्ही मांडणार आहोत, आणि जमलं तर पुढच्या वेळी ते इथे दाखवू.

बाकीच्या चिठ्ठ्या घेऊ या आता. पहिली इंधनावरच्या कराची दिसतेय.